ओढून धरलेली शिवण

“आता खाली बस,” आत्या म्हणाली, आणि ठकी बसली.

टच्. टच्. टच्-टच्-टच्.

कमरेपासून गुडघ्यापर्यंत शिवण उसवत गेली, शेंग सोलावी तशी. निळसर हिरवं, खवल्यांची छपाई असलेलं ते चकचकीत कापड दोन बाजूंना आक्रसलं आणि मत्स्यकन्येच्या शेपटीतून अकरा वर्षांच्या पोरीचा खरचटलेला गुडघा बाहेर डोकावला.

दारात वहिनी हात पुसत उभी होती. ती ठकीची आई आणि आत्याच्या थोरल्या भावाची बायको. या क्षणासाठीच जणू ती सकाळपासून दाराच्या आसपास घुटमळत होती.

“झालं?” ती म्हणाली. “सत्तावीस वर्षं इस्पितळात शिवणकाम केलं म्हणे! तिथल्या पेशंटचेही टाके असेच सुटायचे का हो, वन्सं?”

“मी चादरी शिवायचे. माणसं नाही.”

“तेच म्हणते मी. चादर ऊठबस करत नाही.”

ठकीला हसू आलं होतं. ते तिनं गिळलं, कारण या घरात कुणाच्याही बोलण्यावर हसलं की दुसरीकडून शिव्या बसत.

“शुक्रवारी पोहण्याच्या वर्गाचा कार्यक्रम आहे,” वहिनी म्हणाली. “काय ठरलंय ते लक्षात आहे ना? शेपूट टिकलं तर तुमचं मशीन खिडकीत राहील. फाटलं तर खिडकीत पोरीचं अभ्यासाचं टेबल येईल आणि मशीन भंगारात जाईल. मागाहून भावाकडे जाऊन अश्रू गाळायचे नाहीत.”

“मी कधी गाळले?”

“गाळत नाही तुम्ही. नुसतं डोळ्यांत पाणी आणून ठेवता, तेच वाईट.”

ते हातमशीन आत्याच्या अंगाचा भागच होतं म्हणा ना. इस्पितळात तयार चादरी यायला लागल्या, शिवणखोली बंद झाली, तेव्हा जाताना तिनं ते मागून आणलं होतं. काळं, जड, सरळ टाक्याखेरीज दुसरं काही न येणारं. खिडकीशी बसून उजव्या हातानं ती चाक फिरवायची आणि प्रत्येक फेऱ्याला मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. उशी असो, अभ्रा असो, नामस्मरण त्यात आपोआप शिवलं जायचं. वहिनीला तेही खुपायचं. “ओठ हलतात तुमचे,” ती म्हणायची. “मलाच शिव्या देत असणार.”

ठकी शाळेला गेली, भाऊ कामावर गेला. या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण तो केव्हाच शिकला होता. आत्या उसवलेलं शेपूट मांडीवर घेऊन बसली. कापडाला साधा ओरखडा नव्हता. तुटला होता तो दोरा. कापड वीतभर ताणलं जात होतं आणि तिचा घट्ट, बारीक, एका ओळीतला टाका तसूभरही हलायला तयार नव्हता.

शिवणखोलीतल्या मुकादमीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिला शिकवलं होतं, “कापडाला ओढायचं नाही. यंत्र नेईल तसं जाऊ द्यायचं.” सत्तावीस वर्षं तिनं कापड ओढलं नव्हतं. आता मात्र तिच्या ध्यानात आलं की याला ओढूनच शिवलं पाहिजे. ताणलेल्या कापडावर टाका घातला, की सोडल्यावर कापड आक्रसेल आणि दोऱ्याला आपोआप ढील मिळेल. पोर बसली की ती ढील कामाला येईल.

तिनं वरच्या दोऱ्याचा ताण ढिला केला. कापडवाल्यानं दिलेली बोथट टोकाची सुई लावली. पण कापड ओढायचं म्हणजे सुईच्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून. उजवा हात चाकावर, डाव्या हातानं समोरून ओढलं, की मागची बाजू लोळागोळा. मागच्या टोकाला इस्त्री बांधून पाहिली. इस्त्री धाडकन पायावर आली. टोक खिडकीच्या गजाला बांधलं, कापड सरकेचना. देवानं माणसाला दोनच हात का दिले, हे आत्याला त्या दिवशी कळलं. तिसऱ्यासाठी कुणाकडे तरी जावं लागावं म्हणून.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आत वहिनी डबे घासत होती.

“वहिनी, जरा हात लावता का?”

डबा घासणं थांबलं. “काय म्हणालात?”

“ऐकलंत तुम्ही.”

“एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, म्हणून खात्री करून घेते.” वहिनीनं हात झटकले. “पोरीसाठी येते. तुमच्यासाठी नाही.”

“माझ्यासाठी बोलावलंय कुणी?”

दोघी मशीनच्या दोन बाजूंना बसल्या. समोरून आत्यानं धरलं, मागून वहिनीनं.

“ओढा,” आत्या म्हणाली. “एवढं नाही! सुई मोडाल.”

“मग एवढं?”

“हे काय, वारा घालताय का?”

“सरळ सांगा ना किती ते!”

“मी ओढते तेवढंच. जास्त नाही, कमी नाही.”

ते जमेपर्यंत एक सुई मोडली आणि दोघींनी एकमेकींचं सगळं उकरून काढलं. कोण कुणाच्या आजारपणात फिरकलं नाही, कुणी कुणाला पाहुण्यांसमोर तोंडावर पाडलं. चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती, आणि ती शिवण, काय सांगावं, आरशासारखी येत होती.

“माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी,” वहिनी एकदम म्हणाली, “मी आणलेला पडदा तुम्ही उसवलात आणि पुन्हा शिवलात.”

“वाकडा होता.”

“माझ्या आईनं शिवला होता.”

चाक थांबलं.

वहिनीची आई त्या लग्नानंतर दोन महिन्यांत गेली होती. आत्याला हे ठाऊक होतं. पडदा मात्र कुणी शिवला, हे तिला आज कळत होतं.

“मला कुणी सांगितलं नाही,” आत्या म्हणाली.

“तुम्ही विचारलंत?”

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनीच्या बोटांतलं कापड मात्र होतं तेवढंच ताणलेलं होतं.

“ओढा,” आत्या हळूच म्हणाली. “थांबलं की टाका चुकतो.”

शुक्रवारी तलावाकाठच्या बाकावर त्या दोघी बसल्या होत्या, मध्ये टॉवेलांची पिशवी ठेवून. ठकी काठावर बसली. शेपूट गुडघ्यात दुमडलं. आत्यानं डोळे मिटले, ओठ हलवले. काही वाजलं नाही. पोहणं शिकवणारी बाई पाण्यात उभी राहून हाका मारत होती. ठकीनं सूर मारला आणि निळसर हिरवं कापड पाण्याखालून वळलं, लांबलं, आखडलं, पुन्हा लांबलं. शिवण पोरीबरोबर जात होती.

वहिनी पाण्याकडेच बघत राहिली. कडू काढा घशाखाली उतरवावा तशी म्हणाली, “टिकलं. मशीन राहील खिडकीत. मी दिल्या शब्दाला जागते.”

आत्यानं पिशवीतून ठकीसाठी टॉवेल काढला.

शनिवारी सकाळी वहिनी उठून आली, तर खिडकीची जागा मोकळी होती. फरशी पुसलेली, कोपऱ्यातल्या दोऱ्यांचे तुकडेसुद्धा वेचलेले. मशीन घरातल्या बोळात, विजेच्या मीटरखाली मांडलं होतं, जिथं दुपारीही दिवा लावावा लागे.

“हे कसलं नाटक?” वहिनी कडाडली. “जिंकलात ना? मग माझ्यावर उपकार कशाला?”

“उपकार नाहीत. टेबल आणा पोरीचं.”

“मला तुमची दया नको, वन्सं. आयुष्यभर ऐकवाल.”

“पडदा वाकडा नव्हता,” आत्या म्हणाली.

होता, बोटभर. हे आत्याला ठाऊक होतं आणि देवाला. पण देव काही चुगली करणारा नव्हता.

 वहिनी वळली आणि स्वयंपाकघरात डबे आपटत राहिली, दुपारपर्यंत.

टेबल आलं. खिडकीतलं ऊन आता ठकीच्या वह्यांवर पडू लागलं. आत्या बोळात भिंतीकडे तोंड करून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाय लावला की मशीन जरासं आत ओढून घेई.

एका दुपारी वहिनी उशीचा फाटका अभ्रा घेऊन आली. “जमलं तर बघा. नाहीतर फेकून देते,” म्हणाली आणि तो मशीनवर टाकला. आत्यानं दिवा लावला, सुईखाली कापड सरकवलं आणि चाकावर हात ठेवला.

मशीनच्या पलीकडे वहिनी खाली बसली होती. अभ्र्याचं मागचं टोक तिच्या चिमटीत होतं.

“सुती आहे हो,” आत्या म्हणाली. “याला ओढावं लागत नाही.”

“माहीत आहे मला,” वहिनी खेकसली.

टोक तिनं सोडलं नाही.