प्रकल्प येईपर्यंत

नर्सबाईंची बदली वाळवंटातल्या त्या गावी झाली, तेव्हा सगळ्यांनी त्यांना धीर दिला की तिथे माणसं कमी, घरं पुष्कळ, भाडं काय नावापुरतंच असेल. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे त्या सासूबाईंना घेऊन निघाल्या. बसमधून उतरून पाहतात तर सांगणारे खरंच सांगत होते. एकच रस्ता, दोन्ही अंगांना नव्याकोऱ्या इमारती, आणि एकाही खिडकीला पडदा नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, सलाइनच्या खोक्यांशेजारी सामान टाकून दोघी घर बघायला निघाल्या.

घर लगेच सापडलं. भाडं ऐकून मात्र नर्सबाई पायरीवरच बोटांवर हिशेब करू लागल्या. तेवढं दिलं तर उरलेल्या पगारात पाण्याचा टँकरही आला नसता, आणि इथे नळ नुसते शोभेला होते. दुसऱ्या इमारतीत तोच आकडा, तिसरीत थोडा जास्त, कारण तिथून म्हणे मोकळा देखावा दिसतो. देखावा म्हणजे वाळू. ती तर दाराच्या फटीतून फुकट घरात येत होती.

शेवटच्या इमारतीच्या मालकाला गाव शेठ म्हणत असे. आपल्या चहाच्या टपरीवर बसवून त्याने दोघींना भाड्यामागचं कारण समजावलं. गावाजवळ मोठा प्रकल्प येणार होता. कसला, यावर मतभेद होते. कुणी म्हणे उन्हावर वीज करणार, कुणी म्हणे काचेचा कारखाना, कारण वाळू आयती. पण येणार, याबद्दल गावात एकमत होतं. मग साहेबलोक येतील आणि मागाल ते भाडं देतील. त्या आशेवर शेठने होतं नव्हतं ते विकून इमारत उठवली, एका ब्लॉकमध्ये बिऱ्हाड थाटलं आणि बाकीच्यांना कुलपं ठोकून वर्षानुवर्षं भाव खात बसला. औषधवाला आपल्या दुकानात काउंटरखाली झोपत होता, शाळेचे मास्तर वर्गात बाकं जोडून. पण भाडं उतरवणं म्हणजे प्रकल्पावर अविश्वास दाखवणं, आणि एवढा नास्तिक माणूस गावात नव्हता.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून विचारलं, "शेठ, प्रकल्प नक्की येणार ना?"

"पुढच्याच महिन्यात. हवं तर लिहून देतो."

"मग तसंच लिहा. तो येईपर्यंत सुनेच्या पगाराला झेपेल ते भाडं. आला की त्याच दिवसापासून तुम्ही म्हणाल ते, नाहीतर आम्ही घर खाली करू."

शेठला पेच कळला. पण टपरीवरचे चारचौघे कान टवकारून बसले होते. नाही म्हणावं, तर प्रकल्प येत नाही हे त्यानेच कबूल केल्यासारखं झालं असतं. त्याने किल्ली काढून दिली.

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो! औषधवाल्याने तीच अट घातली, मग मास्तरांनी, मग टँकरच्या ड्रायव्हरने. बघता बघता इमारत भरली. गॅलऱ्यांत कपडे वाळू लागले, जिन्यात पोरं खेळू लागली, आणि इतकी मागणी पाहून शेठची झोप उडाली. एवढ्या मागणीला एवढंच भाडं, हा त्याला स्वतःवरचा अन्याय वाटू लागला. महिनाभर तळमळून शेवटी त्याने उपाय काढला. गावाबाहेर वाळूत दोन खांब रोवले, 'नियोजित प्रकल्प' अशी पाटी ठोकली, फीत कापली आणि भाडं तिप्पट झाल्याचं प्रत्येक दाराशी जाऊन सांगितलं.

नर्सबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंनी मात्र डोक्यावर पदर घेतला आणि प्रकल्प बघायला गेल्या. पाटीखाली शेठ खुर्ची टाकून घाम पुसत होता.

"छान झालं हो," सासूबाई म्हणाल्या. "आता पाटीची राखण करायला माणूस लागेलच. मला ठेवा. पगार भाड्याएवढा द्या, जास्त नको."

शेठने वारा फार आहे वगैरे काहीतरी पुटपुटून विषय बदलला. पण एवढ्यावर थांबतील तर त्या सासूबाई कसल्या! त्यांनी शेजाऱ्यांनाही तीच वाट दाखवली. संध्याकाळपर्यंत औषधवाला प्रकल्पाच्या दवाखान्यासाठी, मास्तर प्रकल्पाच्या शाळेसाठी आणि ड्रायव्हर प्रकल्पाच्या पाण्यासाठी शेठकडे अर्ज करून आले. शेठने भाड्याचा विषय पुन्हा काढला नाही.

पाटी काढायचं मात्र त्याला सुचलं नाही. रस्त्याने जाणाऱ्या लॉऱ्यांनी ती वाचली आणि खबर दूरवर नेली. आठवड्याभरात लोक ट्रंका घेऊन, बायकामुलांसह शेठच्या दारात उतरू लागले. कुणी गवंडी, कुणी वायरमन, कुणी पडेल ते काम करणारे. सगळे प्रकल्पाचा पत्ता विचारत.

एका सकाळी नर्सबाई कामावर निघाल्या, तेव्हा शेठ जिन्यात घसा फोडून सांगत होता, "अहो, प्रकल्प नाही! कधीच नव्हता! कुणी सांगितलं तुम्हाला?"

लोक काही हलेनात. एवढं ओरडून नाही म्हणतोय म्हणजे जागा कमी असणार, असं आपसांत म्हणत त्यांनी रांग लावली.

वरून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, जाताना दार ओढून घे. वाळू आत येतेय."