कडू शेरा

पंचाने सिगार राखदाणीच्या कडेला टेकवली, कोमट पाण्याची चूळ भरली आणि ती तोंडात घोळवत खिडकीबाहेर बघत राहिला. चूळ टाकली तरी चव जाईना. मग त्याने समोरची पाटी ओढली आणि खडूने एकच शब्द लिहिला. कडू.

"पुन्हा?" पलीकडच्या टेबलावर चव बघणाऱ्या चष्मेवाल्याने विचारलं.

"चवीच्या खोलीत बोलायचं नसतं."

"बोलत नाही हो. नुसतं विचारतोय."

"तुला कशी लागली?"

चष्मेवाल्याने हातातली सिगार नाकाखालून फिरवली, आणखी एक झुरका घेतला आणि छताकडे बघितलं. मग त्याने पंचाच्या पाटीकडे एक नजर टाकली. "कडूच," तो म्हणाला आणि आपल्याही पाटीवर तेच लिहिलं.

दोन पाट्यांवर एकच शेरा आला की पुढचं काम मुकादमाचं. तो दुपारच्या आत यायचा, शेरे मनात ठेवायचा आणि ओल्या फडक्याने पाट्या पुसून टाकायचा.

पंच हे काही त्याचं नाव नव्हे. पण सिगारच्या त्या कारखान्यात त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नव्हती. त्याचं काम ऐकलं की लोकांना हेवा वाटायचा. रोज सकाळी खुर्चीत बसून महागातल्या महाग सिगारी ओढायच्या आणि वर पगार घ्यायचा! पण या माणसाने उभ्या आयुष्यात एकही सिगार पूर्ण ओढली नव्हती. सुरुवातीचा तिसरा हिस्सा ओढायचा, धूर तोंडातच फिरवायचा, झुरका मोकळा येतो का, राख धरून राहते का, चव कुठे सुरू होते नि कुठे संपते ते बघायचं आणि उरलेली सिगार तशीच मरू द्यायची. या कामासाठी त्याने तरुणपणीच कांदा सोडला, अत्तर सोडलं, वासाचा साबण सोडला. बायको लग्नानंतर पहिल्यांदा केसांना सुगंधी तेल लावून समोर आली, तेव्हा हा गडी तिला म्हणाला होता, "सोमवारी नको." सोमवारी नव्या मालाची चव बघायची असायची, पण ती बिचारी वर्षभर सोमवारचा उपास समजत होती.

सिगार कुणी वळली आहे ते पंचाला कळू द्यायचं नाही, हा कारखान्याचा नियम होता. वळणाऱ्यांच्या प्रत्येक टेबलावरून एक सिगार यायची आणि तिला नुसता रंगीत दोरा बांधलेला असायचा. दर आठवड्याला रंग बदलायचे. कुणाचा कोणता ते एकट्या मुकादमाला ठाऊक. पंचाची सख्खी मोठी बहीण त्याच कारखान्यात पहिल्या रांगेत सिगारी वळायला बसायची, म्हणून तर तो या नियमाला फार जपायचा. वळणाऱ्यांच्या दालनात तो पाऊलसुद्धा टाकत नसे. ताईने कधी घरी कामाचा विषय काढलाच, तर तो तिच्या गुडघ्यांची चौकशी करून विषय बदलायचा.

नियम आणखी एक होता. तीनदा कडू शेरा आला की वळणाऱ्याला टेबल सोडावं लागायचं. पाटीवरचा आजचा शेरा हा कुणाचा तरी तिसरा होता.

संध्याकाळी घरी बायकोने चहा पुढे ठेवला. त्याने तो बाजूला सारला.

"गार होऊ दे."

"गार झालेलाच आहे," ती म्हणाली. "हल्ली तुम्हाला गरम चालत नाही, तिखट चालत नाही. काल भाजी कडू, परवा आमटी कडू. माझ्या हाताला आताच काय धाड भरली?"

"मसाला जुना असेल."

"मसाला नवा आहे. अहो, तोंड आलंय का तुमचं? दाखवा बघू."

"काही आलेलं नाही," तो वसकन ओरडला. इतका, की ती दोन पावलं मागे सरली.

जिभेच्या कडेला खाली काहीतरी होतं, हे त्याला माहीत होतं. पहिल्यांदा वाटलं दात लागला. मग वाटलं ब्रश लागला. मग त्याने वाटून घेणंच बंद केलं. दाढी करताना तो तोंड घट्ट मिटून आरशात बघायचा. जीभ मात्र दिवसभर त्या जागेवर जाऊन यायची. ती जागा आता टणक लागत होती आणि थोडी मोठी झाली होती.

तेवढ्यात दार वाजलं. ताई आली होती. तिने चप्पल काढली आणि ती भिंतीला टेकून बसली.

"या वन्सं, चहा टाकते," बायको म्हणाली.

"नको गं." ताईने दोन्ही पंजे मांडीवर उलटे करून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. तंबाखूच्या पानांनी बोटं नखांपर्यंत तपकिरी झाली होती. "मला उठवलं रे आज. टेबलावरून. उद्यापासून मागच्या शेडमध्ये, पानांच्या शिरा काढायला."

पंचाने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तिन्ही वेळा माझीच होती म्हणे. तू काही मनाला लावून घेऊ नकोस हां. तुला कुठे ठाऊक होतं? आणि असतं तरी तू खोटं थोडंच लिहिलं असतंस." ती बोटं उघडत मिटत होती. "मी मात्र तेव्हापासून विचार करतेय, माझं चुकलं कुठे? पानं तीच, ओल तीच. मधोमध ते शेंड्याचं जड, तिखट पान घालायचं, तेही बरोबर घातलंय. तू कडू म्हणालास म्हणजे कडूच असणार. पण माझ्या हाताला काय झालं रे? कधी झालं? मला कसं कळलं नाही?"

बायकोने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा गार चहाकडे, आणि ती आत निघून गेली.

आई गेल्यावर ताईनेच याला वाढवलं होतं. कारखान्यात तिनेच आणलं, साहेबापुढे उभं केलं आणि सांगितलं, याच्या जिभेला खोटं कळतं. आज ती स्वतःच्या हातांकडे चोर सापडल्यासारखी बघत होती आणि याची जीभ मुकाट्याने त्या टणक जागेभोवती फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चवीच्या खोलीत आल्या आल्या त्याने लाकडी कपाट उघडलं. उत्तम ठरलेल्या प्रत्येक मालातल्या थोड्या सिगारी तिथे राखून ठेवलेल्या असत. त्यातली गेल्या वर्षीची जड सिगार त्याने काढली. हिला त्याने स्वतः सगळ्यात वरचा शेरा दिला होता. त्या दिवशी तिची चव जिभेवरून जाऊ नये म्हणून तो दुपारी जेवलासुद्धा नव्हता.

त्याने टोक कापलं. पेटवताना दोन काड्या फुकट गेल्या. त्याने धूर तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

कडू. जळक्या तारेसारखी कडू, आणि त्या जागेवर तर निखारा ठेवल्यासारखी आग. मागून यायची ती गोडी कुठेच नव्हती. तो वाट बघत राहिला. पुन्हा झुरका घेतला, पुन्हा थांबला. मग त्याने तीच सिगार चष्मेवाल्यापुढे धरली.

"कशी लागते? खरं सांग."

चष्मेवाल्याने सवयीने त्याच्या पाटीकडे बघितलं. पाटी कोरी होती. तो गोंधळला. "तुम्ही आधी..."

"तू सांग."

"सुरुवातीला मिरी," चष्मेवाला चाचरत म्हणाला. "मग भाजलेल्या लाकडाचा वास. शेवटी गोडसर, अगदी मधासारखी. चुकलं का माझं?"

"नाही. आणि कालची? ती कडू होती?"

चष्मेवाल्याने सिगार राखदाणीत ठेवली.

"अरे, बोल ना!"

"नव्हती हो. परवाचीही नव्हती. पण तुमची पाटी मला इथून दिसते. तुम्ही कडू लिहिलंत, मला वाटलं माझंच तोंड खोटं. तुमच्यापुढे मी कोण?" त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "हलक्या सिगारींना तुम्ही कडू म्हणत नव्हता, जड तेवढीच कडू. आणि जड सिगार दुसऱ्या कुणाला नीट वळतासुद्धा येत नाही. मला तेव्हाच वाटलं होतं, ही ताईंचीच असणार."

दोन माणसांच्या दोन जिभा समजून कारखाना जिच्यावर विसंबून होता ती एकच जीभ होती, आणि तीही नासलेली. पंच उठला आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला.

मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो उठला, दार लावलं, आणि पंचाला वाटलं त्यापेक्षा फार मऊ आवाजात बोलायला लागला.

"डॉक्टरला दाखवा. पैसे कारखाना देईल. पण हे इथेच राहू द्या. अहो, तुमच्या शेऱ्यावर पेट्या जगभर जातात. पंचाचं तोंड बिघडलंय हे बाहेर कळलं, तर गेल्या सहा महिन्यांतली प्रत्येक पेटी परत येईल. तुम्ही फक्त खुर्चीत बसा. चव चष्मेवाला बघेल, पाटीवर तुम्ही लिहा. कुणाला काय कळतंय?"

"आणि ताई?"

"त्यांचं वय झालंय. आज ना उद्या उठायच्याच होत्या. शेडमध्ये काम हलकं आहे." त्याने पंचाच्या खांद्यावर हात ठेवला. "मरेपर्यंत तुमची खुर्ची मी हलू देणार नाही. शब्द देतो."

मरेपर्यंत हा शब्द मॅनेजरच्या तोंडून सहज गेला. पंचाला तो मात्र केबिनभर ऐकू येत राहिला. खुर्ची मिळत होती. उंच खिडकी, कोमट पाणी, लोकांचा मान, सगळं जागच्या जागी राहणार होतं. त्याने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. गेले काही महिने तो तेच तर करत होता, आणि मोह पडला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तो दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला.

मग कडी काढून तो जिना उतरला आणि ज्या दालनात कधी पाऊल टाकलं नव्हतं त्यात शिरला.

लांबच लांब टेबलं, ओल्या पानांचा वास, पानं कापणारी पाती आपटल्याचा एकसारखा आवाज. त्याला बघून पहिल्या रांगेतला एकेक हात थांबत गेला. मुकादम धावत आला. "तुम्ही इथे? अहो, नियम..."

"ताईला बोलाव शेडमधून."

ताई आली. पदराला पानांचा चुरा चिकटला होता. सगळ्यांसमोर बोलावलंय म्हणजे आता आणखी काय चुकलं, या भीतीने ती अंग चोरून उभी राहिली.

पंचाला भाषण करायची सवय नव्हती. आयुष्यभर त्याने एका शब्दात निकाल दिले होते. "ताईच्या सिगारी चांगल्या होत्या," तो म्हणाला. मग पुन्हा मोठ्याने म्हणाला, "तिन्ही चांगल्या होत्या. बिघडलंय ते माझं तोंड. मला माहीत होतं, तरी मी खुर्ची सोडली नाही. तिला तिच्या जागेवर बसवा."

मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातातलं पान खाली पडलं. मुकादम वर मॅनेजरच्या केबिनच्या काचेकडे बघत होता.

ताईने टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याच्याजवळ आली, हाताला धरून त्याला खिडकीशी उजेडात नेलं आणि त्याची हनुवटी दोन बोटांत धरली.

"आ कर."

"ताई, लोक बघतायत."

"आ कर म्हटलं ना."

त्याने तोंड उघडलं. तिने मान थोडी तिरकी केली, अंगठ्याने त्याचा ओठ खाली ओढला आणि वाकून बघितलं. ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही. पण तिची तपकिरी बोटं हनुवटीवर हळूहळू घट्ट होत गेली, आणि त्या बोटांवरून त्याला सगळं कळलं.

"काही नाही," ती म्हणाली. "जरा सोललंय. आपण आत्ताच जाऊन दाखवून येऊ."

"आणि तुझं टेबल?"

"राहू दे रे," ताई म्हणाली. हनुवटी तिने अजून सोडली नव्हती. "मीट आता तोंड. वारा लागेल."