तातडीचा निरोप

दोन हजार एकोणीस सालची रथसप्तमी. हुबळी-धारवाडची चिगरी बस तेव्हा नवी नवी होती आणि धारवाडच्या मळमड्डीतल्या बायका हुबळीला काही काम नसलं तरी तिच्यात बसून जाऊन येत. त्या संध्याकाळी कुसुमावतीच्या घरी हळदीकुंकू होतं. ती स्वयंपाकघरात मसाला दुधाचे पेले भरत होती आणि बाहेरच्या खोलीत तिची सून वेदश्री बायकांच्या घोळक्यात बसली होती.

"वेदश्री, तुला जमतं तरी कसं ग हे सगळं?" दोन गल्ल्या पलीकडे पाळणाघर चालवणारी पार्वती विचारत होती. "रोज तारिहाळच्या कारखान्यापर्यंत जायाचं, यायाचं, पोर बघायाचं, आणि वर घर असं लख्ख!"

"जमतं हो अक्का. मॅनेज करायचं. टाइमटेबल पक्कं असलं की झालं."

कुसुमावतीच्या हातातलं दूध पेल्याबाहेर गेलं. टाइमटेबल! त्या टाइमटेबलातलं पाच वाजता उठणं कुसुमावतीचं होतं. नळाचं पाणी तिचं, नातीला, किरणला, भरवणं तिचं, दुपारी त्या तीन वर्षांच्या पोरीमागे वाटी घेऊन अंगणभर फिरणं तिचं. आजचं दूध तिनेच तासभर आटवलं होतं. सून साडेपाचला आली, तोंड धुतलं, साडी बदलली आणि कौतुकाला बसली.

"अत्ती, दूध आणू का मी बाहेर?" वेदश्रीने दारातून विचारलं. धारवाडच्या रीतीने ती सासूला अत्ती म्हणे.

"राहू दे. तू दमून आलीयस."

हे बोलताना आवाजात साखर होती. मनात काय होतं ते कुसुमावतीचं तिलाच ठाऊक.

दळण, पाणी, पोर याचं तिला खरं तर काही नव्हतं. हाडं अजून चालत होती. तिला सलायचं ते वेगळंच. सकाळी आठला वेदश्री आरशापुढे उभी राहून गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवायची, तेव्हा तिची मान एक बोटभर वर व्हायची. ती मान बघितली की कुसुमावतीच्या छातीत काहीतरी कुरतडायला लागे.

कारण तशी मान तिचीही एकदा झाली होती. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली, हुबळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. चौदा महिने. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा फळा, आणि मुंबई-मद्रासची माणसं तिच्या बोटांच्या टोकावर. ट्रंककॉल साधा असो की तातडीचा, तो ती ठरल्या नियमानेच लावी. लोक गयावया करत, "बाई, साधाच बुक केलाय, पण जरा आधी लावा की." तिने एकदाही लावला नाही. साहेब म्हणायचे, "कुसुमावतींच्या फळ्यावर साधा कॉल तातडीचा होत नाही." मग मुलगा झाला, श्रीवत्स. तिची सासू म्हणाली, "मूल तुझं, तूच बघ. मला काशीला जायचंय." सासू काशीला गेली आणि कुसुमावती घरात आली ती आलीच.

आणि आता ही. हिला सासू मिळाली ती काशीला न जाणारी.

रथसप्तमीनंतरच्या सोमवारी वेदश्री जेवताना म्हणाली, "अत्ती, उद्या कोइमतूरचं मोठं गिऱ्हाईक येतंय व्हॉल्व्ह बघायला. त्यांना तपासणी मी दाखवायची आहे. नीट झालं तर सेक्शनची इनचार्ज मी. आमच्याकडं आजवर बाई झाली नाही कोणी."

"मग होणार म्हण की तू," श्रीवत्स म्हणाला. तो कोप्पीकर रोडवर एका विमा कचेरीत कामाला होता आणि घरातल्या बहुतेक गोष्टींवर ताट न सोडता खूश होत असे.

"उद्या फक्त किरणला सांभाळा हं अत्ती. मोबाइल लॉकरमध्ये असेल. अगदीच काही झालं तर गेटचा नंबर कॅलेंडरवर लिहिलाय."

"रोज कोण सांभाळतं?" कुसुमावती म्हणाली. वेदश्री हसली. तिला ती थट्टा वाटली.

मंगळवारी अकराच्या सुमाराला किरण झोपाळ्यावरून उतरताना पडली. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलं. रडली, ओरडली. कुसुमावतीने थंड चमचा दाबून धरला, हळद लावली, हातात पेरूची फोड दिली. दहाव्या मिनिटाला पोरगी फोड खात मांजराला हाका मारत होती.

कुसुमावती कॅलेंडरपुढे उभी राहिली. किती वेळ, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की वेदश्रीची ती बोटभर वर झालेली मान डोळ्यांपुढे होती.

तिने नंबर फिरवला.

"गेट ऑफिस," तिकडून माणूस कानडीत म्हणाला. "तातडीचं असंल तरच सांगा बाई. आज साहेब लोक आलेत."

"तातडीचंच आहे. वेदश्रीची मुलगी पडलीय. डोक्याला लागलंय. तिला लगेच घरी पाठवा."

पहिला शब्द सोडला तर एकही खोटा नव्हता. चाळीस वर्षांनी हात असा नेमका चालला, याचं तिला फोन ठेवताना नवल वाटलं.

साडेबाराला रिक्षा दारात थांबली. वेदश्री पायातले कारखान्याचे जाड बूट न काढताच आत धावली. "किरण!"

"आई, मांजर बघ!" किरण म्हणाली.

वेदश्रीने तिचं डोकं चाचपलं, डोळ्यांपुढे बोटं नाचवली, डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. मग ती ओसरीवर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली.

"बरं झालं अत्ती, तुम्ही लगेच फोन केलात. माझं पोर पडलं आणि मी तिथं पाहुण्यांपुढं हसत उभी होते."

"तपासणीचं काय झालं?"

"अभिषेकनं दाखवली. माझ्या हाताखालचा पोरगा तो. जाऊ दे."

आणि कुसुमावतीला गार वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. ही गोष्ट ती पुढे कधी स्वतःपासूनही लपवू शकली नाही.

रात्रीच्या जेवणाला वेदश्री म्हणाली, "मी नोकरी सोडते."

"तुझ्या मनाला येईल तसं कर," श्रीवत्स म्हणाला आणि भात कालवायला लागला.

सकाळी तो कामावर गेला. वेदश्री त्या दिवशी गेली नाही. जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसली. कुसुमावती भाजी चिरत होती.

"अत्ती, तुम्ही कसा लिहिला होतात राजीनामा? कारण काय घातलं होतं?"

कुसुमावतीची सुरी थांबली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मुलाने नाही. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की ती पूर्वी 'कुठेतरी' होती. आज विचारत होती ती ही.

"घरगुती अडचणीमुळे, असं घातलं होतं," ती म्हणाली.

वेदश्रीने ते शब्द कागदावर उतरवायला घेतले.

"वेदा, लिहू नकोस."

"का?"

"किरणला काल काही झालं नव्हतं. फोन केला तेव्हा ती पेरू खात होती."

वेदश्रीला आधी कळलंच नाही. "म्हणजे तुम्ही घाबरलात. साहजिक आहे हो."

"मी घाबरले नव्हते."

वेदश्रीने पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं ना, काल काय होतं ते?"

"माहीत होतं."

"मग कशापायी केलंत?"

कुसुमावतीने पुष्कळ शोधलं. चौदा महिने सांगावेत, की काशी सांगावी? ते सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच पुरं पडत नव्हतं. "मला बघवलं नाही," ती म्हणाली.

वेदश्री ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद फाडला, किरणच्या पायात चपला घातल्या, पिशवीत तिचे दोन फ्रॉक टाकले आणि तिला कडेवर घेऊन पार्वतीच्या पाळणाघराकडे निघून गेली. दारात पोरीने विचारलं, "अज्जी नाही येणार?"

"नाही."

त्यानंतर त्या घरात कुणी कधी मोठ्याने बोललं नाही. वेदश्रीने ती गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही, पार्वतीला तर नाहीच. अत्ती म्हणायची तशीच म्हणत राहिली. सणाला साडी, दुखलं-खुपलं तर औषध, सगळं वेळच्या वेळी. फक्त पोरगी कळती होईपर्यंत पुन्हा एकटी सासूच्या हाती दिली नाही.

इनचार्ज अभिषेक झाला. दोन वर्षांनी तो पुण्याला गेला, मग ती जागा वेदश्रीला मिळाली आणि ती अजून तिथेच आहे. श्रीवत्स निवांत आहे. किरणला पाळणाघरात का घातलं, असं कुणी विचारलं तर तो सांगतो, "पोरांत पोर रमतं हो." पार्वतीने आणखी एक खोली भाड्याने घेतली. तिच्याकडे आता वीस मुलं येतात. रस्त्यात भेटली की ती म्हणते, "कुसुमक्का, तुमची किरण म्हणजे माझ्याच हातची पोर बघा." कुसुमावती हसून "हो की" म्हणते आणि मग सबंध दिवस तिचं कशात लक्ष लागत नाही.

किरण आता तिसरी ओलांडून पुढे गेली. गेल्या साली एका संध्याकाळी तिने शाळेची वही आणली. आईवडील दोघं घरी यायचे होते. धडा होता लहानपणावर, मुलांनी आपल्या मनाने चार ओळी लिहायच्या आणि घरच्या मोठ्या माणसाची सही घ्यायची. तिने लिहिलं होतं, 'मी अगदी लहान होते तेव्हा आई कामाला जायची. मला पार्वतीअक्का सांभाळायच्या. त्यांनी मला चालायला शिकवलं.'

पोरगी पाळणाघरात पहिल्यांदा गेली ती आपल्या पायांनी अंगणभर पळणारी होती.

"अज्जी, बरोबर आहे का?"

कुसुमावतीने चष्मा नीट केला, तीनही ओळी पुन्हा वाचल्या.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि खाली सही केली.