पंचवीस मिनिटं मागे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मला माझी लाज वाटते. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली आली लाज? मलाही आधी तसंच वाटायचं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. त्यातल्या एकीने सगळ्यात शेवटी माझ्या आत बटणाएवढा एक चपटा सेल बसवला. वीज गेली तरी माझं घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच त्याचं काम. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्याकडे त्याहून दिमाखदार गोष्टी पुष्कळ होत्या.

मग मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आलो. कॉलेजात आणखी सहा संगणक होते, पण इंटरनेटची तार माझ्यापर्यंतच आली होती. समोरचं सायबर कॅफे बंद पडून तिथे चपलांचं दुकान निघालं होतं. त्यामुळे आठशे विद्यार्थी आणि मी एकटा! वहीत नाव लिहायचं, अर्धा तास मिळायचा. परीक्षेचे अर्ज, निकाल, नोकरीच्या जाहिराती, सगळं माझ्यावर. निकाल बघून एकाने माझ्या पडद्याचा मुका घेतला होता. दुसऱ्याने माझ्या कीबोर्डवर डोकं आपटलं होतं. मी दोघांनाही समजून घेतलं.

ग्रंथपालांना सगळे अण्णा म्हणत. रोज सकाळी ते पिवळ्या फडक्याने मला पुसत. मोबाईल दाराशी ट्रेमध्ये ठेवल्याशिवाय ते कुणाला आत येऊ देत नसत. भिंतीवर एक जुनं गोल घड्याळ होतं. ते कधी पुढे पळे, कधी मागे रेंगाळे. मग अण्णा स्टुलावर चढत आणि माझ्याकडे बघून त्याचे काटे फिरवत.

"संगणक कधी चुकत नाही रे," ते मुलांना सांगत. हे ऐकलं की मी फुगून जायचो.

वर्षं गेली. आतला तो सेल थकला. रात्री मला बंद करत, पण भिंतीतल्या प्लगमधून थोडी वीज मिळत राहायची आणि घड्याळ कसंबसं चालायचं. एका सकाळी चालू होताना मी काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ दाखवली. सेल संपत आला आहे, वेळ तपासा, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. अण्णांनी चष्मा लावला आणि नेमकं शेवटचं तेवढं वाचलं. मग एक चिठ्ठी लिहून माझ्या कपाळावर चिकटवली: 'चालू केल्यावर एफ-वन दाबणे.' त्यानंतर रोज सकाळी मी तक्रार करायचो आणि रोज सकाळी माझं तोंड बंद व्हायचं. खरं सांगू का? मलाही ते बरंच वाटत होतं. जो कधी चुकत नाही म्हणतात, त्याचं दुखणं चारचौघांत निघायला नको होतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये एक मुलगी होती. भूगोल शिकायची, शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील ड्रायव्हर. घरात एकच मोबाईल, तो दिवसभर त्यांच्याबरोबर गाडीत. कुठलीही गोष्ट पाठवण्याआधी ती हात वर करून म्हणायची, "एक मिनिट हं," आणि सगळं पहिल्यापासून वाचून काढायची. म्हणून सगळे तिला एकमिनिट म्हणत. वहीतही अण्णा तेच नाव लिहीत.

तिला नकाशे बनवायला शिकायचं होतं. ते शिकवणारी एक संस्था होती. जागा वीस, राहणं आणि शिकणं फुकट, अर्ज वर्षातून एकदाच आणि फक्त इंटरनेटवरून. मुदत शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. तिची सगळी तयारी झाली होती. फक्त एक दाखला कॉलेजच्या ऑफिसात अडकला होता, तो मिळाला त्या शेवटच्याच दिवशी.

त्या दिवशी दुपारी वीज गेली. एरवी मिनिटभरात यायची, त्या दिवशी पंचवीस मिनिटं आली नाही. भिंतीतली वीज बंद, आणि सेलमध्ये वेळ लक्षात ठेवण्यापुरताच जीव उरला होता, घड्याळ चालवण्याइतका नाही. माझं घड्याळ थांबलं. वीज आल्यावर ते जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते, माझ्यात एक पस्तीस.

अण्णांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हे बघा, पुन्हा पळालं पुढे!" असं म्हणत ते स्टुलावर चढले. आयुष्यात एकदाच ते बिचारं घड्याळ बरोबर होतं आणि त्यांनी त्याचे काटे पंचवीस मिनिटं मागे फिरवले. मी पाहत होतो. माझा सेल गेला आहे हे मला माहीत होतं, तरी मी पडद्याच्या कोपऱ्यात ठळक आकड्यांत खोटी वेळ मिरवत बसलो.

ती आली. दाखला जोडला, माहिती भरली, फोटो चढवला. माझ्या घड्याळात चार पंचवीस झाले तेव्हा फक्त 'पाठवा' हे बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात तिच्या वर्गातला एक मुलगा धापा टाकत आला.

"ए एकमिनिट, जरा देतेस का? उद्या पेपर आहे आणि माझं हॉल तिकीटच काढायचं राहिलंय. मेलो मी!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. आम्ही दोघांनी तिला एकच वेळ सांगितली.

"बस की. पस्तीस मिनिटं आहेत अजून," ती म्हणाली आणि अर्ज तसाच जपून ठेवून उठली. तेव्हा खरे पाचला दहा कमी होते.

तो दहा मिनिटांनी गेला. ती परत बसली, हात वर केला आणि म्हणाली, "एक मिनिट हं." पहिल्यापासून सगळं वाचलं. वडिलांच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त केली. मग बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. अर्जाची मुदत संपली आहे.

"अण्णा, हे असं काय म्हणतंय? तेरा मिनिटं आहेत ना अजून?"

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं, मग ते दाराशी गेले आणि ट्रेमधून कुणाचा तरी मोबाईल उचलला. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

"पोरी, मीच गं काटे मागे केले," ते म्हणाले. "ह्याच्याकडे बघून केले."

तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या, एक फटका मारला असता, तर मला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "असू दे अण्णा," आणि तिने मला नीट बंद केलं, रोज करायची तसं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

अण्णांनी संस्थेला पत्र लिहिलं. चूक आमच्या ग्रंथालयाची आहे, मुलीची नाही, असं लिहून खाली सही केली. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं.

तिचं वर्ष गेलं. ती एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. चार-पाच महिन्यांनी एका दुपारी ग्रंथालयात आली, तेव्हा तिच्या हातात एक स्क्रू ड्रायव्हर आणि कागदाची पुडी होती.

"अण्णा, दुकानातल्या संगणकाचंही असंच झालं होतं. ह्याचा सेल गेलाय. हा बघा, बटणाएवढा असतो."

"एवढासा?" अण्णा म्हणाले. "एवढ्याशासाठी?"

तिने मला उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली, जुना सेल काढला, नवा बसवला. जिचं मी वर्ष बुडवलं, तिनेच माझं दुखणं ओळखलं. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ती ओळ आली नाही. अण्णांनी माझ्या कपाळावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. तिचा डिंक अजून तिथे आहे.

मित्रांनो, तुमच्यातले पुष्कळ जण असे असतील, की ज्यांना माझ्यासारख्या एकाच खिडकीतून जग बघावं लागतं. म्हणून एक विनवणी आहे. आम्हाला पुसता तसं आम्ही सांगतो ते वाचाही. आमच्यावर विश्वास ठेवा, पण आम्ही चुकतच नाही असं म्हणून आम्हाला डोक्यावर बसवू नका. त्याची भरपाई आम्हाला करावी लागत नाही, दुसऱ्याच कुणाला तरी करावी लागते.

पुढच्या वर्षी ती पुन्हा अर्ज भरायला आली. शेवटच्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी. अण्णांनी स्वतःहून मोबाईलचा ट्रे उचलून तिच्याजवळ आणून ठेवला. तिने आपल्या नव्या मोबाईलमधली वेळ पाहिली, मग माझी. मिनिटाचाही फरक नव्हता. तरी तिने मोबाईल माझ्या शेजारी उघडाच ठेवला आणि भराभर टाइप करू लागली. शेजारच्या टेबलावरची मुलं गालात हसत वाट बघत होती, की आता हिचा हात वर जाणार.

तिने बटण दाबलं, अर्ज पोहोचल्याची पावती काढली आणि उठली. हात वर गेलाच नाही.