विवराचा तुटलेला काठ

मित्रांनो, मी एक जुना ज्वालामुखी आहे. घाबरू नका, मी प्लॅस्टरचा आहे! खरा डोंगर गावाच्या पश्चिमेला उभा आहे; मी त्याची टेबलावर मावणारी प्रतिकृती.

मला घडवलं छतांवर नक्षी ओतणाऱ्या एका कारागिराने. त्याची लेक डोंगरावर नजर ठेवणाऱ्या वेधशाळेत शास्त्रज्ञ. तिने मोजमापं द्यायची आणि बाबांनी पुठ्ठ्याचे थर रचून वर प्लॅस्टर चढवायचं. माझ्यासोबत त्यांनी दोन भावंडंही केली. एक ढालीसारखा पसरट. पातळ लाव्हा लांबवर वाहत गेला की असा डोंगर होतो. दुसरा राखेचा आणि जळक्या खड्यांचा बुटका शंकू. मी मात्र उंच आणि उभ्या चढाचा, कारण माझ्यासारखे डोंगर राख आणि घट्ट लाव्हा यांच्या थरांवर थर साचून वाढतात.

माझ्या माथ्यावर विवर होतं. जुन्या स्फोटाने खडक उडाले, तिथे पडलेला हा खळगा. खऱ्या विवरात तळं साचलेलं. त्याचा काठ कोरायला बाबांना आठ दिवस लागले.

पुढे कितीतरी वर्षं लोक वेधशाळेत मला पाहायला येत. लेक विवरात पाणी ओते. ते पश्चिमेच्या सखल काठावरून ओसाड घळीत उतरे. पूर्वेला माझ्या पायथ्याशी बसवलेलं इवलं गाव कोरडं राही आणि लोक निश्चिंत मनाने घरी जात.

एके दुपारी खरा डोंगर खोकला. स्फोट लहानच होता, पण पूर्वेचा काठ ढासळला. लेक वर जाऊन मोजमाप करून आली ती राखेने माखलेली. तिने पटाशी उचलली.

"बाबा, हा काठ तोडायला हवा."

"हात लावशील तर खबरदार! आठ दिवस घातलेत मी त्यात."

"खरा डोंगर तुटलाय, बाबा. हा अजून जुनंच सांगतोय."

बाबांनी माझ्या काठावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी पटाशी तिच्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, वाचलो!

"तू धसमुसळी आहेस," ते म्हणाले. "किती तोडायचा, सांग."

मित्रांनो, पहिल्या घावाला माझा जीव कळवळला. बाबांचे डोळेही भरून आले होते.

त्याच संध्याकाळी गावातल्या मुख्याध्यापिका आणि बेकरीवाले काका आले. लेकीने पाणी ओतलं. ते पूर्वेला वळलं आणि थेट शाळेच्या इवल्या छपरावर गेलं.

"अहो, पण पाणी तर पलीकडे जायचं ना?" काका म्हणाले.

"काठ शाबूत होता तोवर, काका. आता तळं अडवून धरणारी उरलेली भिंत फुटली, तर चिखलाचा लोंढा इकडेच येणार."

मुख्याध्यापिकांनी ओल्या छपराला बोट लावलं. "उद्यापासून शाळा बंद," त्या म्हणाल्या. "आणि काका, खालची आळी तुम्ही हलवायची."

तीन दिवसांत खालची आळी टेकडीवर गेली. पाचव्या दिवशी भिंत फुटली. शाळा खिडक्यांपर्यंत चिखलात बुडाली, काकांची भट्टी वाहून गेली. पण माणूस एकही गेला नाही. त्या दिवशी काकांनी बाबांना कडकडून मिठी मारली.

नंतर वेधशाळेत मोठा पडदा आला. त्यावर डोंगर रंगीत दिसे, फिरेही. मी जिन्याखाली गेलो. ओल लागून माझे पापुद्रे सुटले. आपलं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो.

पण टेकडीवर नवी शाळा झाली आणि मुख्याध्यापिकांनी मला मागून घेतलं. आता मुलं माझ्या उतारांवरून बोटं फिरवतात. एवढंच एक मागणं आहे, मित्रांनो: मला जपायचं म्हणून काचेत कोंडू नका. डोंगर बदलेल तसं मलाही बदला. जुना, चुकीचा डोंगर कितीही देखणा असला, तरी तो कुणाच्या कामाचा?

कालच लेक नवी मापं घेऊन आली. खऱ्या विवरात घट्ट लाव्हाचा छोटासा घुमट वर येतोय. माझ्या मापात तो अंगठ्याएवढा. बाबांचे हात आता थरथरतात, म्हणून ते शेजारी खुर्चीवर बसले. एका मुलीने प्लॅस्टरचा गोळा उचलला.

"थांब," बाबा म्हणाले, "आधी बोटं ओली कर."