परतीचं खातं

सुईचे तीन तुकडे झाले होते आणि कागदावर दोनच चिकटवलेले होते. मावशींनी टेबलाखाली, मशीनमागे, स्वतःच्या चपलेत, सगळीकडे पाहिलं. टोक नव्हतं.

पॅराशूट शिवणाऱ्या त्या विभागाचा नियम साधा होता. सुई मोडली की सगळे तुकडे शोधायचे, कागदावर जुळवून चिकटवायचे आणि खाली सही करायची. हे पॅराशूट चंद्रावरून माणसं परत आणणाऱ्या यानाचं होतं. टोक घडीत राहिलं, तर कापड नेमकं उघडताना फाटणार. मावशी साहेबांकडे गेल्या आणि तसं सांगून मोकळ्या झाल्या.

मग सगळी घडी उलगडली. आठ माणसं लोहचुंबक घेऊन अकरा दिवस कापडावर रांगली. साहेबही रांगले, त्यांच्या गुडघ्यांची नोकरीतली ही पहिलीच कामगिरी. टोक मिळालं नाही तर अख्खं कापड बाद आणि उड्डाण वर्षभर लांबणार होतं. चंद्रावर वस्ती करायला निघालेल्यांना सुई सापडत नाही, असं वर्तमानपत्रांनी छापलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

घरी मावशींचे यजमान, निवृत्त बसचालक, यांचं मत आधीपासून पक्कं होतं. गल्लीतला दिवा दोन वर्षं लागत नाही आणि निघाले चंद्रावर बिऱ्हाड मांडायला. तिथं कोण शेजारी, कोण पाजारी? मावशी ऐकून घ्यायच्या.

"जावं की जाऊ नये, ते मला विचारू नका," त्या म्हणायच्या. "माझं खातं परतीचं."

बाराव्या दिवशी सकाळी यजमान मावशींचा स्वेटर धुवायला बसले आणि बाहीच्या कोपरापाशी त्यांच्या अंगठ्यात काहीतरी कचकन घुसलं. थेंबभर रक्त आलं. अवकाशाच्या कामी त्या घराने सांडलेलं हे एकमेव रक्त.

विभागात लोकरीला बंदी होती. लोकर काहीही धरून ठेवते. पण तिथल्या गारव्याने मावशींचा खांदा आखडायचा, म्हणून त्या स्वेटर ॲप्रनच्या आत गुपचूप घालत. नियमाप्रमाणे तो स्वेटर तिथे नव्हताच. त्यामुळे तो तपासावा हे कुणाच्याच, खुद्द मावशींच्याही, डोक्यात आलं नाही.

निवृत्तीला पाच महिने होते. यजमानांनी अंगठा चोखत युक्ती सुचवली: टोक मशीनखाली टाकायचं, तिथंच सापडलं म्हणायचं. कापड वाचतं, नोकरी वाचते, स्वेटरही वाचतो.

"आणि खाली सही कुणाची?" मावशींनी विचारलं.

मग यजमानांनीच टोक काडेपेटीत ठेवून दिलं आणि त्या दिवशी बसथांब्यापर्यंत सोबत आले.

साहेबांनी तीन तुकडे जुळवून भिंगातून पाहिले, मग मावशींकडे पाहिलं, मग बराच वेळ पंख्याकडे. शेवटी म्हणाले की कापड वाचलं, पण शिवणाच्या टेबलाला आता हात लावायचा नाही. उरलेले पाच महिने मावशींनी दारात बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लोकर नाही ना, ते बघायचं. चोराला राखणीला बसवलं, असं सगळे हसले. मावशींनीही हसून घेतलं. काढून टाकलं असतं तरी बोलायला जागा नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी साहेबांना दोनदा नमस्कार केला.

त्यांनी इतकी कसून तपासणी केली, की पहिल्याच आठवड्यात साहेबांचे मोजे पकडले.

उड्डाणाच्या आदल्या आठवड्यात ती मुलगी आली. यानातून जाणारी, सहा महिने चंद्रावरच्या पत्र्याच्या खोलीत राहून बघणारी. तिला घडी घातलेलं पॅराशूट पाहायचं होतं. दारात थांबून तिने आपणहून दोन्ही हात पसरले.

"मावशी, टोक मिळत नाही हे तुम्ही न लपवता सांगितलंत ना, त्या दिवसापासून आई नीट झोपायला लागली," ती हळूच म्हणाली. "तिने तुम्हाला मुद्दाम सांगायला सांगितलंय."

मावशींनी तिची कॉलर पाहिली, बाह्या पाहिल्या, कोपरं चाचपली. लोकर नव्हती. खांद्यावर एक साधा सुती दोरा होता, तेवढा त्यांनी चिमटीत उचलला.

"जाऊन ये," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.