बैठकीखालचा खटका

गव्हाची कापणी संपत आली होती. वार मंगळवार, वेळ सकाळची, सूर्य कासराभर वर आलेला, स्थळ गावाच्या पूर्वेला ओढ्यालगतचे आमचे लांबट शेत, ज्याची ओढ्याकडची बाजू इतकी खडबडीत आहे की तिथून सायकल नुसती हाताने ढकलत नेली तरी तिची घंटी आपोआप वाजते. या वेळी, या स्थळी, उभ्या गव्हाच्या ऐन मध्यात कापणीचे यंत्र पुन्हा एकदा बंद पडले.

"झोपलं! परत झोपलं!" बांधावर मांडी ठोकून बसलेला मामा ओरडला. "अगं, त्या मशीनला पत्ताच नाही वर कुणी बसलंय त्याचा. त्याला वाटतंय, कुणीतरी सदरा वाळत टाकलाय!"

यंत्राच्या उंच बैठकीवर मिस्त्रींची एकुलती एक मुलगी बसली होती. यंत्र मिस्त्रींचे, आणि मामा म्हणजे त्यांचा मेहुणा. मुलीला सारे गाव काडी म्हणे. हे नाव तिला शाळेत चिकटले आणि ते खोटे पाडण्याची तसदी तिच्या अंगाने कधी घेतली नाही. विशी उलटली तरी उंची बापाची आणि रुंदी दाराच्या फटीची. वाहनाचा परवाना तिने रीतसर काढला होता. यंत्राच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झाला आहे हे ती सांगे, आणि वळण घेताना पिकाची एक ओळही उभी सोडत नसे. उणीव एकच होती. तिला वजन नव्हते.

वजनाचा आणि यंत्र चालवण्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी करील, आणि तो रास्त आहे. या यंत्राच्या बैठकीखाली एक खटका असतो. चालकाचा भार बैठकीवर असेतो तो दाबलेला राहतो. भार गेला की इंजिन तत्क्षणी थांबते. पात्यांत अडकलेला पेंढा ओढायला खाली उतरलेल्या माणसाचा हातच पात्यांत जाऊ नये, एवढा त्याचा हेतू. काडी बसली की हा खटका जेमतेम दाबला जाई. चाक खड्ड्यात गेले, ती बैठकीवरून बोटभर उडाली, की यंत्र प्रामाणिकपणे समजे की चालक उतरला. बैठकीची स्प्रिंग मिस्त्रींनी हलक्यात हलक्या माणसासाठी लावून पाहिली होती. त्याहून हलके माणूस कारखान्याने कल्पिलेलेच नव्हते.

"दाजी, एक तार द्या मला," मामा उठत म्हणाला. "खटका बांधून टाकतो, विषय संपला. सगळीकडे बांधतात."

"सगळीकडे बांधतात. माझ्या मशीनला नाही."

मिस्त्री ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकले त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढेच उरले होते, आणि त्यांच्या यंत्राचा खटका तारेने बांधलेला होता. या विषयावर मिस्त्रींशी वाद घालणे व्यर्थ आहे. मी घालून पाहिला आहे.

खरे पाहता त्या सकाळी बैठकीवर मिस्त्रींनीच बसायचे. परंतु त्यांच्या पाठीचा एक मणका सरकला होता आणि डॉक्टरांनी त्यांना असले हादरे कायमचे वर्ज्य केले होते. यंत्र कुणाच्या तरी हाती देणे भाग होते. मुलीला ते जिवापाड हवे होते. मामालाही हवे होते, पण त्याचे कारण असे की बैठक उंच होती आणि तिथून तो साऱ्या गावाला दिसला असता.

"उतर गं," मामा म्हणाला. "बघ, माणूस बसल्यावर मशीन कसं चालतं ते."

मामा चढला. बैठक कण्हली, खटका तळाला गेला आणि यंत्र गुमान चालू लागले. ओढ्याकडची खडबडीत बाजू त्याने लीलया पार केली. इतक्यात आमचीच एक शेळी पिकात शिरली. मामाने उभे राहून, दोन्ही हात वर करून, "हाऽऽड!" अशी गर्जना केली, आणि यंत्र जागच्या जागी थंड पडले.

"काय झालं मामा?" काडीने बांधावरून विचारले. "सदरा उडाला का वाऱ्याने?"

आम्ही सगळे हसलो. मिस्त्री मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पुढची कापणी सोयाबीनची. तोवर हिचा भार खटक्याला पुरला, तर मशीन ही चालवील. नाही पुरला, तर तू चालव. पण तार नाही."

त्याच दुपारी धान्याच्या गोदामात, छताला टांगलेल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात गव्हाचे भरलेले पोते ठेवले गेले आणि दुसऱ्यात काडीला बसवले गेले. पोते धप्पदिशी खाली बसले. काडी वर गेली आणि पाय हलवत तिथेच राहिली.

"पोत्याला हरलीस गं!" गोदामवाल्या काकू म्हणाल्या. "आणि ते तर काही खातही नाही!"

आता तिच्या आईने कंबर कसली. आईचा सिद्धांत साधा होता: आत जाईल तितके अंगी लागेल. सकाळी दुधात लोण्याचा गोळा, दुपारी तळलेले, संध्याकाळी गोड, आणि झोपताना पुन्हा लोणी. शेजारणी येताजाता वाट्या घेऊन येत. मामाने, औदार्याने की धूर्तपणे हे मला आजही ठरवता आलेले नाही, तालुक्याहून एका भुकटीचा डबा आणला. डब्यावर एक उघडा गडी दंड फुगवून उभा होता.

"घे, महिनाभरात अशी होशील," मामा म्हणाला.

"मला मिशा नकोत," काडी म्हणाली. पण भुकटी तिने खाल्ली.

परिणाम व्हायचा तोच झाला. पोट बिघडले, तोंडाची चव गेली, आणि पुढच्या वेळी तराजूत ती पहिल्यापेक्षाही वर गेली. त्या दिवशी तिने पाय हलवले नाहीत. खाली उतरली आणि थेट घरी गेली. यंत्र छपरीत उभे होते. त्याच्या बैठकीवर जाऊन बसली आणि इंजिन चालू न करता नुसते चाक धरून राहिली. आईने हाक मारली तेव्हा म्हणाली, "जेवायला बोलवू नकोस. हात जोडते."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई हसऱ्या, पण बोलायला रोखठोक. त्यांनी रक्त तपासले, जंतांची तपासणी केली, आजार कुठला नाही याची खात्री करून घेतली. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "आता सांग. दिवसभरात खातेस काय?"

"सकाळी चहा. मग वर्कशॉपात. मग चहा."

"जेवण?"

"काम थांबलं की."

"आणि काम थांबतं कधी?"

काडी बापाकडे पाहू लागली. मिस्त्री छताकडे पाहू लागले.

या ठिकाणी मिस्त्रींचा एक नियम सांगणे अवश्य आहे. मशीन चालू असताना डबा उघडायचा नाही. कापणीच्या दिवसांत या नियमाला अर्थ होता: ढग दाटलेले असताना उभे पीक जेवणाची वाट पाहत नाही. परंतु लहानपणापासून बापाच्या मागे फिरणाऱ्या मुलीने तो बारमाही केला. वर्कशॉपात कुणाचे ना कुणाचे इंजिन सदैव सुरू असे. मग डबा संध्याकाळी उघडे, आणि तोवर चहाने भूक मेलेली असे. हा नियम घरात सर्वांना ठाऊक होता. तोच तिच्या हाडावर मांस धरू देत नव्हता, हे मात्र कुणाच्याही ध्यानात आले नव्हते, आणि त्यात मीही आलो.

"मग सगळं लोणी रात्री एकदम पोटात ओतलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, हे पोट आहे, पिंप नाही. थोडं थोडं खा, पण सारखं खा. सकाळी उठल्यावर अंडी, बटाटे. वर्कशॉपात शेंगदाणे, केळं, दही. दुपारचं जेवण दुपारीच, डाळ दाट. चहा जेवणानंतर, आधी नाही. रात्री दूध. आणि भुकटीचा डबा?"

"तो मामाला देते," काडी म्हणाली.

"त्यांनाही नको. आणि नुसतं खाऊन बसू नकोस. उठाबशा काढ, ओझी उचल. आधी हलकी, मग जड. नाहीतर नुसती ढेरी येईल, ताकद यायची नाही. झोप पुरी घे. घाई नको. सावकाश वाढलेलं टिकतं."

"सोयाबीनपर्यंत होईल?" मिस्त्रींनी विचारले.

"ते हिच्यापेक्षा तुमच्यावर आहे, मिस्त्री. इंजिन कोण बंद करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे वर्कशॉपाच्या उंबऱ्याशी आली असता, मिस्त्रींनी एका गिऱ्हाइकाचे चालू इंजिन हात लांबवून बंद केले. गिऱ्हाईक घाबरून म्हणाले, "काय बिघडलं?"

"काही नाही. मुलगी खातेय."

तेव्हापासून ती शांतता रोजची झाली. दिवसातून दोनतीनदा गावभर ऐकू येणारी ती घरघर थांबे, आणि लोक म्हणत, "काडीचा डबा उघडला." गोठ्यातल्या गुरांनासुद्धा ती वेळ कळू लागली, असे आमच्या घरचे म्हणतात, मी त्याची हमी देत नाही. मिस्त्री तिच्यासमोर बसून स्वतःही खात. वर्कशॉपामागे ती उठाबशा काढी. पाण्याचे डबे उचली, मग लोखंडी चाके, मग अर्धे पोते. आई मधूनच लोण्याची वाटी घेऊन यायची, काडी दारातच हात आडवा धरायची, आणि दोघींची हुज्जत बराच वेळ चालायची.

वजन वाढले, पण सरळ रेषेत वाढले असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात तिला ताप आला आणि कमावलेले निम्मे गेले. त्यानंतरच्या तोलाला मात्र चमत्कार झाला: काडीचे पारडे खाली आले आणि पोते वर गेले. गोदामवाल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी कान टवकारले. "उडी मार बघू," ते म्हणाले. काडीने उडी मारली, आणि तिच्या दोन्ही खिशांतून लोखंडाचा खणखणाट झाला.

मिस्त्रींनी एकेक पाना बाहेर काढून ओट्यावर मांडला. सर्वांत मोठा पाना निघाला तेव्हा म्हणाले, "हा मी चार दिवस शोधतोय."

"बाबा, फक्त बघत होते, कसं वाटतं ते," काडी खाली मान घालून म्हणाली.

"कसं वाटलं?"

"जड."

"मग तसंच हो. पान्यांशिवाय." एवढे बोलून त्यांनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली.

सोयाबीन पिवळे पडले, शेंगा वाळून खुळखुळू लागल्या. पाऊस सरून माती घट्ट झाली होती, त्यामुळे आमच्या शेताची ओढ्याकडची बाजू पूर्वीपेक्षाही टणक. काडी यंत्रावर चढण्याआधी मिस्त्रींनी तिचे खिसे उलटे करायला लावले. त्यांत शेंगदाण्याची टरफले तेवढी निघाली. ती जाडजूड झाली होती असे नव्हे. पण गालांवरची हाडे बुजली होती, खांदे भरले होते, आणि शिडी चढताना तिचा पाय पायरीवर असा पडला की पायरी वाजली.

"दाजी, तार आणलीय मी," मामा म्हणाला. "लागली तर असावी."

"खिशात ठेव."

यंत्र चालू झाले. सपाट भागात काहीच अडले नाही. मग ते ओढ्याकडे वळले. पहिल्या खड्ड्यात काडी हलली, इंजिन चालूच. दुसऱ्यात पुढचे चाक असे आपटले की बांधावर आमच्या पायांना ते जाणवले. काडी डुलली, बैठकीला घट्ट चिकटून राहिली, आणि इंजिनाचा सूर किंचितही ढळला नाही. ती सबंध बाजू तिने एका दमात कापली. आईने पदर तोंडावर धरला होता. ऊन चढत गेले, एकामागून एक पट्टे निघाले, आणि मामाची तार त्याच्या हातात नुसतीच वेटोळी होत राहिली.

आणि मग, निम्मे शेत उभे असताना, यंत्र थांबले.

"झोपलं!" मामा टुणकन उठला. "मी म्हणालो नव्हतो? झोपलं!"

मिस्त्री उठले. पाठीवर हात ठेवून, ढेकळे चुकवत, ते यंत्राकडे चालू लागले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते. आम्ही मागोमाग निघालो. पाती फिरायची पुरती थांबल्यावर काडी शिडीवरून खाली आली, मोठ्या चाकाच्या सावलीत बसली आणि मांडीवर डबा घेऊन त्याचे झाकण उघडू लागली.

"काय झालं गं?" मिस्त्रींनी विचारले.

"कुठे काय?" काडीने वर पाहिले. "डब्याची वेळ झाली की. बसा ना, बाबा. अंडी आहेत, बटाटे आहेत. मामा, तुम्ही पण या."

पाठ सांभाळत मिस्त्री शिडीच्या दोन पायऱ्या चढले, मान लांब करून आत पाहिले, आणि तितक्याच सावकाश खाली आले. किल्ली बंदकडे फिरवलेली होती. काडीशेजारी बसून त्यांनी एक अंडे उचलले, सोलले, अर्धे तिला दिले आणि अर्धे तोंडात टाकले. मामा तार हातात घेऊन उभाच होता.

"मग काय ठरलं, दाजी?" त्याने विचारले.

मिस्त्रींनी तोंडातला घास संपवला.

"मशीन बंद पडलं नाही," ते म्हणाले. "हिने बंद केलं. मशीन हीच चालवणार."